भूल मानवली नाही

लग्नाकार्यात नवीन ओळख झाली की लोक विचारतात, "तुम्ही कसल्या डॉक्टर?" मी म्हणते, भूलतज्ज्ञ. समोरच्याचा चेहरा लगेच थोडा उतरतो. "अच्छा, म्हणजे फक्त भूल देता." त्या 'फक्त'चा मला आयुष्यभर राग आला. आता निवृत्त होऊन घरी बसले तरी तो कमी झालेला नाही. संपादकांनी मला व्यवसायातले गमतीदार अनुभव लिहायला सांगितलं होतं. गमतीदार अनुभव माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण कागद पुढं ओढला की ते मागं राहतात आणि राग पुढं येतो. तेव्हा तोच लिहिते.

आधी भूल म्हणजे काय ते सांगते, कारण शिकलेल्या माणसांनाही ते ठाऊक नसतं. सुई टोचली, माणूस झोपला, सर्जननं कापलं-शिवलं, माणूस उठला, असं लोकांच्या डोक्यात असतं. झोपलेला माणूस स्वतःचा श्वास स्वतः घेतो. पण मोठ्या ऑपरेशनात आम्ही दिलेल्या औषधांनी रोग्याचे सगळे स्नायू सैल पडतात, छातीचेसुद्धा. तो श्वास घेऊच शकत नाही. घशातून श्वासनलिकेत एक नळी घालायची, ती यंत्राला जोडायची आणि यंत्राला लावलेली काळी रबरी पिशवी हातानं दाबत राहायचं. दाबली की त्याचा श्वास आत, सोडली की बाहेर. आजच्यासारखे आकडे दाखवणारे पडदे तेव्हा आमच्याकडे नव्हते. एक हात पिशवीवर, दुसऱ्या हाताचं बोट कानशिलाजवळच्या नाडीवर, डोळे नखांच्या रंगावर. एवढंच यंत्र.

हे मी मुंबईत शिकले, एका मोठ्या इस्पितळाच्या हृदयविभागात. मला शिकवणाऱ्या डॉक्टर मिस्त्री पारशी होत्या. बुटक्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि तोंडानं फार तिखट. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "पेशंट झोपला, मॅडम." त्या म्हणाल्या, "झोपला नाय. तू त्याचा श्वास काढून घेतला. आता परत देईपर्यंत तो तुझा. घरी जायचं नाय, चाय प्यायची नाय, सर्जन काय बोलतो ते ऐकायचं नाय. पिशवी ऐकायची."

पिशवी खरोखरच बोलते. फुफ्फुस मोकळं असेल तर ती मऊ लागते. फुफ्फुसात पाणी भरायला लागलं की जड होते, हाताला चिवट लागते. नाडी बिघडायच्या आधी ते हाताला कळतं. हृदयाच्या रोग्यांच्या बाबतीत तर हे कळणंच सगळं असतं. मिस्त्रीबाईंनी मला ते शिकवलं, आणि सर्जनला घाबरायचं नाही हेही शिकवलं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महाग पडली.

माझं सासर सांगलीचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिकडं आले, आणि सुरुवातीची काही वर्षं सांगली आणि साताऱ्याच्या मधल्या रस्त्यावरच गेली. जिथून बोलावणं येईल तिथं एसटीनं जायचं. पायांत सामानाची पेटी, मांडीवर डबा. खासगी दवाखान्यांतले सर्जन 'दहा मिनिटांचं काम आहे' असं सांगून बोलवायचे. दहा मिनिटांचं काम मी एकदाही पाहिलं नाही.

साताऱ्यात अशाच एका दवाखान्यात मेढ्याकडचा एक माणूस आणला होता. कड्यावरून घसरून पोटाला मार लागला होता. आत रक्तस्राव चालू होता, नाडी बारीक, ओठ पांढरे. मी सर्जनला म्हटलं, "रक्ताची बाटली येऊ दे. तोवर पोट उघडू नका. उघडलंत की दाब सुटेल आणि उरलंसुरलं रक्त बाहेर येईल." रक्त आणायला माणूस गेलेला होता. सर्जनला दुपारी दुसरं ऑपरेशन होतं. ते म्हणाले, "तुम्ही भूल द्या. पोटाचं मी बघतो." मी नाही म्हटलं. मग वाट पाहायचं ठरलं, आणि मी जुजबी औषध देऊन रक्तदाब सावरत असताना त्यांनी कातडीत बधिर करणारी सुई टोचून पोट उघडलंही. माणूस टेबलावरच गेला. रक्ताची बाटली जिन्यात पोचली होती.

सर्जन हात पुसत बाहेर गेले आणि त्याच्या भावाला म्हणाले, "आम्ही प्रयत्न केला. त्याला भूल मानवली नाही."

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं आहे की ते छापून दवाखान्याच्या भिंतीवर लावलं असतं तरी चाललं असतं. सर्जनचा हात चुकला, भूल मानवली नाही. रोगी उशिरा आणला, भूल मानवली नाही. या वाक्याची सोय अशी की ते ऐकून कुणीच पुढं काही विचारत नाही. भूल म्हणजे काहीतरी देवाधर्मासारखी गोष्ट, कुणाला मानवते, कुणाला मानवत नाही. आणि दोष कुणाचा, तर त्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईचा.

मी हातमोजे काढून बाहेर गेले आणि त्या भावाला सांगितलं, "दादा, तुमचा भाऊ रक्त जाऊन गेला. रक्त यायच्या आधी पोट उघडलं. भुलेनं तो गेलेला नाही." सर्जन माझ्यामागं उभे होते.

त्यानंतर साताऱ्याहून मला बोलावणी येईनाशी झाली. सर्जन एकमेकांचे मित्र असतात. म्हणून मी सांगलीत एका ट्रस्टच्या इस्पितळात कायमची नोकरी धरली. त्या इस्पितळाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ट्रस्टींची नातवंडं माझ्यावर खटला भरतील.

तिथं डॉक्टर अभ्यंकर नावाचे सर्जन होते. छातीच्या ऑपरेशनांचं शिक्षण घेऊन आलेले, लांब सडक बोटांचे, मितभाषी. माणूस कामात उत्तम होता. त्यांच्याबद्दल पुढं मी जे लिहिणार आहे ते कामाबद्दल नाही.

एका सकाळी बाह्यरुग्ण विभागात शिराळ्याकडचं एक कुटुंब आलं. हौसा नावाची विशी ओलांडलेली मुलगी, तिची सासू गोजराबाई, आणि नवरा नामदेव, फौजेत शिपाई, सुट्टीवर आलेला. हौसाला आडवं झोपता येत नव्हतं. भिंतीला टेकून बसायची, आणि खोकल्यातून गुलाबी फेस यायचा. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते, त्या तापानं हृदयातली एक झडप आक्रसून गेली होती. हृदयाच्या दोन कप्प्यांमधलं हे दार. ते नीट उघडत नाही, म्हणून रक्त मागं तुंबतं आणि फुफ्फुसात पाणी पाझरतं. गावात वर्षभर सगळे तिला कामचुकार म्हणत होते.

"तुम्हीही म्हणत होता?" मी गोजराबाईंना विचारलं.

"व्हय. म्या बी म्हनत हुते," त्या म्हणाल्या. "रानात भांगलताना मधीच बसायची. मला वाटलं सोंग करतीया. मग एक दिवस रगत पडलं. त्या दिसापासनं न्हाई म्हनलं." त्यांनी मान खाली घातली नाही, की डोळ्यांना पदर लावला नाही. मला त्या बाई तिथंच आवडल्या.

यावर ऑपरेशन होतं. छाती डावीकडून उघडायची, हृदय चालू असतानाच त्याच्या वरच्या कप्प्यात बोट घालायचं आणि त्या बोटानं आक्रसलेली झडप फाकवायची. बोट झडपेत असतं तेवढा वेळ रक्त पुढं जात नाही. ते क्षण निभावून नेणं माझं काम. मुंबईत अशी ऑपरेशनं मी पुष्कळ केली होती, अभ्यंकरांनीही. सांगलीत त्या इस्पितळात हे पहिलंच होणार होतं.

ट्रस्टचे अध्यक्ष, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, ही बातमी ऐकून फार खूश झाले. इस्पितळाच्या नवीन इमारतीचं उद्घाटन जवळ आलं होतं, मंत्री येणार होते. भाऊसाहेबांनी ठरवून टाकलं की त्याच दिवशी सकाळी हृदयाचं ऑपरेशन करायचं आणि मंत्र्यांनी भाषणात ते जाहीर करायचं.

मी म्हटलं, "तिच्या फुफ्फुसात पाणी आहे. आधी औषधानं ते उतरवायला हवं. उद्घाटनापर्यंत ते होणार नाही."

"बाई, मंत्र्यांची तारीख मिळायला किती खटपट करावी लागते तुम्हाला माहीत आहे?"

"तिची तब्येत मंत्र्यांच्या तारखेनं सुधारणार नाही."

"मग दुसऱ्या कुणाला बोलावू."

"बोलवा. हृदयाच्या ऑपरेशनला भूल दिलेलं जवळपास कुणी असेल तर मलाही भेटायला आवडेल."

अभ्यंकर शेजारी बसले होते. तेही डॉक्टर होते, तिच्या छातीतलं पाणी त्यांनीही ऐकलं होतं. ते टेबलावरची टाचणी फिरवत राहिले.

ऑपरेशन पुढं ढकललं गेलं, पण त्याची झळ मला नाही, त्या घराला लागली. नामदेवची रजा संपत आली होती. मी वॉर्डात जाऊन त्यांना सांगितलं की आत्ता ऑपरेशन केलं तर ती टेबलावरच जाईल, थांबलो तर बरीच आशा आहे. नामदेव आईला म्हणाला, "आये, मला जावं लागंल. तू ऱ्हाशील का हितं?"

"ऱ्हाते की. तिकडं कोन वाट बघतंय माझी," गोजराबाई म्हणाल्या. "तू जा. आनंदाला लावून दे." आनंदा म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा, शेती बघायचा आणि तालमीत जायचा.

नामदेव गेला. उद्घाटन झालं. त्या उद्घाटनासाठी इस्पितळाला रंग काढला होता, आणि कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की मंत्री बघायला येतील म्हणून ऑक्सिजनचे सिलिंडरही रंगवावेत. काळं अंग, पांढरा गळा, अगदी नवे दिसत होते. रिकाम्या सिलिंडरवर आम्ही खडूनं 'रिकामा' लिहून ठेवायचो. तो खडू रंगाखाली गेला. रिकामे आणि भरलेले सगळे एका ओळीत सारखेच चकाकत उभे. भरलेले बहुतेक नवीन इमारतीत नेऊन ठेवले होते, कारण तिथल्या नव्या यंत्राशेजारी ते शोभून दिसत होते.

उद्घाटनानंतर हौसाचं पाणी उतरलं. ती आडवी झोपायला लागली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी थिएटरमधला प्रत्येक सिलिंडर यंत्राला लावून दाब पाहिला. भरलेले दोनच निघाले. मी ट्रस्टच्या सेक्रेटरींकडं गेले. ते म्हणाले, "नवीन इमारतीत भरलेले आहेत ना. तिथं कुलूप आहे, महागाची यंत्रं आहेत. किल्ली मेट्रनकडे ठेवून जातो." मी मेट्रनला, म्हणजे मुख्य परिचारिकेला, निरोप दिला. मेट्रननं मान डोलावली.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. त्याबद्दल लिहावं असं काही घडलं नाही, आणि आमच्या धंद्यात तेच उत्तम. अभ्यंकरांचं बोट आत गेलं, माझ्या बोटाखालची नाडी नाहीशी झाली, त्यांनी 'झालं' म्हटलं आणि नाडी परत आली, पूर्वीपेक्षा भरलेली. ते क्वचितच हसायचे, त्या दिवशी मास्कच्या वर त्यांचे डोळे हसले. तिची छाती शिवून झाली.

दुपार झाली तरी हौसा श्वास घेईना. घ्यायची तर उथळ, आणि लगेच थांबायची. आजारानं थकलेली छाती, त्यात एवढा मोठा घाव. तेवढ्यात माझ्या हातातली पिशवी जड व्हायला लागली. नळीतून गुलाबी फेस वर आला. फुफ्फुसात पुन्हा पाणी भरत होतं. यावर उपाय एकच होता. औषधं द्यायची, आणि पिशवी दाबत जोरानं ऑक्सिजन आत ढकलत राहायचं, पाणी मागं हटेपर्यंत. श्वास देणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. म्हणजे नवीन इमारतीत एक होतं, मंत्र्यांना दाखवलेलं. त्याचे अर्धे भाग अजून यायचे होते.

पहिला सिलिंडर ऑपरेशनात संपला होता. दुसऱ्याचा काटा खाली येत होता. मी सिस्टर काळेंना मेट्रनकडे किल्लीसाठी पाठवलं. त्या परत आल्या त्या कोऱ्या चेहऱ्यानं. किल्ली मेट्रनकडे नव्हती. सेक्रेटरी ती खिशात घालून कोल्हापूरला लग्नाला गेले होते. अध्यक्षांच्या घरी फोन लागत नव्हता.

अभ्यंकर बाहेर गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ते गोजराबाईंना सांगत होते, "ऑपरेशन छान झालं आहे, आजी. झडप उघडली. पण तिला भूल मानवलेली दिसत नाही."

मी पिशवी दाबत होते म्हणून जागची हलू शकत नव्हते. नाहीतर त्या दिवशी मी काय केलं असतं मला माहीत नाही. हा साताऱ्याचा सर्जन नव्हता. याला सगळं कळत होतं. माझ्या शेजारी उभं राहून यानं काटा खाली येताना पाहिला होता.

गोजराबाई अभ्यंकरांना ओलांडून थेट दारात आल्या. चपला बाहेर काढलेल्या.

"आवं बाई, ह्ये काय म्हनत्यात? खरं काय त्ये तुमी सांगा."

"भूल कधीच उतरली," मी म्हटलं. "तिच्या हृदयाचं काम झालंय. पण छातीत पाणी भरतंय. मी तिला श्वास देतेय, देत राहीन. त्याला ऑक्सिजन लागतो, आणि तो संपत आलाय."

"मग दुसरा न्हाई व्हय?"

"आहे. त्या नव्या इमारतीत. कुलूप आहे. किल्ली कोल्हापूरला गेलीय."

त्यांनी हौसाकडं पाहिलं. मग माझ्या हातांकडं. "निस्तं कुलूपच हाय न्हवं?"

"कुलूपच आहे."

"तोडू का?"

"तोडा," मी म्हटलं. "मी सांगितलं म्हणून तोडा."

त्या वळल्या आणि व्हरांड्यात बसलेल्या मुलाला म्हणाल्या, "आनंदा, ऊठ रं. दार मोडायचं हाय."

नवीन इमारतीचं मागचं बांधकाम अजून चालू होतं, तिथं पहार पडलेली होती. मला दिसत काही नव्हतं, फक्त आवाज आले. दोन-तीन दणके, मग लाकूड चिरफाळल्याचा आवाज, मग कुणीतरी ओरडतंय की इकडं परवानगी नाही. दरम्यान दुसरा सिलिंडर संपला. मी साध्या हवेची पिशवी लावली, पण साध्या हवेनं भागणार नव्हतं. हौसाची नखं निळी पडत चालली.

आनंदा दारात आला तो खांद्यावर सिलिंडर घेऊन. ते लोखंड उचलायला आमचे दोन वॉर्डबॉय लागायचे. "लय जड न्हाई," तो म्हणाला आणि तो खाली ठेवून दुसरा आणायला गेला.

नखांना रंग परत आला. पण पाणी एका दमात हटत नाही. संध्याकाळपर्यंत माझे हात पेटके येऊन वळले. सिस्टर काळेंनी घेतलं, मग मी, मग पुन्हा त्या. त्यांनाही दुसरे रोगी होते. शेवटी मी गोजराबाईंना हात धुऊन आत बोलावलं आणि पिशवी कशी दाबायची ते दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा फार जोरात दाबली.

"एवढा जोर नको. तुम्ही स्वतः श्वास घेता तेवढाच द्या. तुमची छाती भरली की दाबा, रिकामी झाली की सोडा."

"म्हंजी मी घेते त्यो तिला द्यायचा."

"तोच."

अशी ती सासू सुनेसाठी श्वास घेत बसली. मी शेजारी स्टुलावर बसून नाडी धरून होते. सकाळी कावळे ओरडायला लागले तेव्हा पिशवी मऊ लागायला लागली होती, आणि गोजराबाई एकदम थांबून म्हणाल्या, "बाई, ही आता माझं ऐकंना. सोताच वडतीया." हौसा स्वतः श्वास घेत होती. दुपारी मी नळी काढली.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लग्नाकार्यात सांगितली असती.

सेक्रेटरी कोल्हापूरहून आले, मोडलेलं दार पाहिलं आणि त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. इस्पितळाच्या मालमत्तेची मोडतोड. वॉर्डबॉयनं आनंदाचं नाव सांगितलं. हौसा वॉर्डात नीट बसायला लागते न लागते तोच आनंदाला चौकीवर नेऊन बसवलं. मला सिस्टर काळेंनी सांगितलं. मी तशीच पांढऱ्या कोटात चौकीवर गेले.

फौजदार भला माणूस होता. "बाई, तुम्ही कशाला आलात? किरकोळ बाब आहे."

"किरकोळ असेल तर त्याला सोडा. दार मी तोडायला सांगितलं. माझं नाव लिहा."

"तुम्ही तिथं होता?"

"नाही. मी आत एका बाईला श्वास देत होते. म्हणून तर त्याला पाठवावं लागलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तक्रार इस्पितळाची आहे. त्यांनी मागं घेतली तर मी लगेच सोडतो. डॉक्टर अभ्यंकर तिथंच होते म्हणे. त्यांना एक शब्द सांगायला सांगा."

मी अभ्यंकरांकडं गेले. ते म्हणाले, "दार मोडायला नको होतं असं मी म्हणत नाही. पण भाऊसाहेबांशी आत्ता वाकडं घेणं बरं नाही. विभाग नुकता उभा राहतोय. तुम्ही समजून घ्या."

मला समजत होतं. पुढं अनेक वर्षं मी अशी माणसं पाहिली, ज्यांचे हात उत्तम चालतात आणि तोंड वेळेवर उघडत नाही. चुकणाऱ्या सर्जनपेक्षा मला त्यांचा जास्त राग येतो. चुकणाऱ्याला निदान कळत नसतं.

सोडवणूक केली ती हौसानं. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब वर्तमानपत्राचा फोटोग्राफर घेऊन वॉर्डात आले. जिल्ह्यातलं एवढं मोठं ऑपरेशन, छापून यायला हवं. अभ्यंकरांना एका बाजूला उभं केलं, स्वतः दुसऱ्या बाजूला उभे राहिले, मध्ये खाटेवर हौसा. फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि हौसानं पदर ओढून तोंड पूर्ण झाकून घेतलं.

"लाजू नकोस, मुली," भाऊसाहेब म्हणाले.

"लाजत न्हाई," ती पदराआडून म्हणाली. "माझा दीर चौकीत हाय. माझ्यापायी त्येनं दार मोडलं. त्यो हितं हुबा ऱ्हायल्याबिगर माजा फोटू काढायचा न्हाई."

"ते वेगळं प्रकरण आहे."

"मला न्हाई वेगळं."

गोजराबाईंनी सुनेच्या खाटेवर बैठक मारली. शेजारच्या खाटेवरच्या बाया बघायला लागल्या. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला आणि विचारलं, "कसलं दार?" त्या प्रश्नानंतर भाऊसाहेब लगबगीनं फोन करायला गेले. संध्याकाळी फोटो निघाला. त्यात आनंदा खाटेच्या मागं उभा आहे, सगळ्यांपेक्षा उंच. खाली छापलेल्या मजकुरात सर्जनचं नाव होतं, अध्यक्षांचं होतं, मंत्र्यांचंसुद्धा होतं. माझं नव्हतं. ते नव्हतं याचं मला काही वाटलं नाही. ऑक्सिजन नव्हता हेही कुठं नव्हतं, याचं वाटलं.

हौसा चालत घरी गेली. पुढं कितीतरी वर्षं गोजराबाई तिला पेनिसिलिनच्या इंजेक्शनासाठी न चुकता घेऊन यायच्या. तो जुना ताप पुन्हा येऊन झडप बिघडू नये म्हणून ते घ्यावं लागतं.

मला भाऊसाहेबांनी बोलावून सांगितलं की झाल्या प्रकाराबद्दल लेखी दिलगिरी द्या. मी विचारलं, "कशाबद्दल? ती जगली त्याबद्दल?" ते म्हणाले, "शिस्त म्हणून काही असतं." मी नोकरी सोडली आणि साताऱ्याला एका तरुण सर्जनबरोबर काम धरलं. मेढ्याच्या त्या माणसाची हकिगत त्यानं ऐकली होती, आणि ती ऐकूनच त्यानं मला बोलावलं होतं.

त्या इस्पितळातलं हृदयाचं काम बंद पडलं. भूल द्यायला कुणी नव्हतं. हौसासारख्या मुली येत राहिल्या आणि त्यांना मुंबईला जा म्हणून सांगत राहिले. मुंबईला जाणं म्हणजे काय हे सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यातली आष्ट्याची एक मला साताऱ्यात भेटली, नातेवाइकांनी उगाच आशेनं आणली होती. तिच्यासाठी काही करण्याची वेळ निघून गेली होती. मी तिच्याजवळ बसले. तिच्या वडलांनी मला विचारलं, "हितं न्हाई व्हत ऑपरेशन?" मी 'नाही' म्हटलं. त्यांना आणखी काय सांगणार होते?

वर्ष उलटून गेल्यावर एके दिवशी डॉक्टर अभ्यंकर माझ्या साताऱ्याच्या घरी आले. आधी कळवलं नव्हतं. केस बरेच पिकले होते. मी पाणी दिलं, ते प्यायले.

"एक मुलगी आली आहे," ते म्हणाले. "तशीच झडप. मुंबईपर्यंत टिकणार नाही. तुम्ही याल का?"

मी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

त्यांनी खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. "भाऊसाहेबांशी भांडलो शेवटी. सरळ सांगितलं, सिलिंडरची खोली भूल देणाऱ्या डॉक्टरच्या ताब्यात, नाहीतर मी जातो."

"या वर्षात किती जणींना परत पाठवलंत?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "मोजल्या नाहीत," ते म्हणाले.

मला त्यांना घराबाहेर काढायचं होतं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण ती मुलगी तिकडं भिंतीला टेकून बसलेली असणार, आणि तिचं माझं काही भांडण नव्हतं. मी पेटी घेतली, टेबलावरची किल्लीही घेतली. त्यांच्या गाडीतून आम्ही सांगलीला गेलो. इस्पितळाच्या आवारात उतरल्यावर अभ्यंकर वॉर्डाकडं वळले आणि मी यावं म्हणून थांबले. मी त्यांना पुढं जायला सांगितलं, सिलिंडरच्या खोलीचं दार उघडलं आणि प्रत्येक सिलिंडर एकेक करून यंत्राला लावून पाहिला. रिकामे निघाले ते ओढून बाहेर उन्हात नेऊन ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. मग हात धुतले आणि मुलीला बघायला गेले.